हिचा बाप कोण?

गुरुजींनी बावीस वर्षांत मला माझं नाव एकदाही विचारलं नाही. मखमलाबादच्या पुढच्या आमच्या मळ्यात ते पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्या लग्नाला महिना झाला होता. हातातला चुडा अजून नवा होता. त्यांनी स्कूटर लावली, तडक गोठ्यात शिरले आणि दावणीच्या कालवडीकडे बोट दाखवून मला म्हणाले, "हिचा बाप कोण?" बाई गं! मला अजून नवऱ्याच्या चुलत्यांची नावं धड पाठ झाली नव्हती, कालवडीचा बाप कुठून सांगणार? "नाय माहीत," म्हटलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बापाचा पत्ता नाही आणि दूध मात्र प्यायचंय," म्हणाले. मी आत जाऊन सासूबाईंना सांगितलं, हा माणूस परत आला तर मी गोठ्यात पाऊल टाकणार नाही. तो माणूस पुढे येतच राहिला, आणि मी गोठ्यातच राहिले.

गुरुजी म्हणजे शाळेतले नव्हेत. गाई भरवणारे. स्कूटरच्या पायाशी नायट्रोजनची टाकी सुतळीने बांधलेली असायची. झाकण उघडलं की पांढरा धूर यायचा आणि आतून ते चिमट्याने वीर्याची बारीक कांडी काढायचे. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. दुसरे भरवणारे कांडी काढतात, काम करतात, पैसे घेतात आणि जातात. ह्यांचं तसं नव्हतं. हे आधी वही उघडायचे. लाल कापडात गुंडाळलेली, आडवी लांबलचक वही. गोठ्यात उकिडवं बसून पानं उलटायचे आणि गाय दावणीला हंबरत असायची. माणसं घड्याळ बघत उभी असायची. "जरा हात उचला की गुरुजी," कोणी म्हणालं की मान वर न करता म्हणायचे, "घाई तुम्हाला आहे, तिला नाही."

घराणं पंचवटीतलं, रामकुंडाकडे जाणाऱ्या बोळातलं. आजोबा उपाध्ये. त्यांच्याकडे यजमानांची बाडं होती. कुठल्या गावचा कोण, त्याचा बाप कोण, आजा कोण, कोण कोणाच्या अस्थी घेऊन आला होता, सगळं त्यात. आणि खाली आलेल्याची सही, त्याच्याच हातची. गुरुजींना ते काम मुळीच आवडलं नाही. "मेलेल्यांची खानेसुमारी," म्हणायचे. जनावरांचा काहीतरी कोर्स केला आणि घरातून ही टाकी घेऊन बाहेर पडले. पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? बाड सुटलं आणि वही आली. प्रत्येक गाईला एक पान. आई, बाप, दोन्ही आज्या, दूध किती, खूर कसे, स्वभाव कसा, अडली होती का. आणि खाली मालकाची सही. "खरं आहे म्हणून सही कर," असं म्हणून पेन पुढे करायचे. गावात लोक म्हणायचे, गुरुजी आता गाईंचं श्राद्ध घालतील. मीही म्हणायचे. सगळ्यांपेक्षा जास्त मीच म्हणायचे.

बोलायचे नाकात आणि कांदेही नाकानेच सोलायचे. गोठा झाडलेला नसला तर दारातूनच परत फिरत. कानातला बिल्ला तुटला असेल तर मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार. माणसांची नावं त्यांच्या डोक्यात राहायचीच नाहीत. ते माणसाला गाईच्या नावाने हाक मारायचे. मी आधी 'हरणीवाली' होते, मग 'बांडीवाली' झाले, आणि शेवटी गोदी आली तेव्हापासून 'गोदीवाली'. आईबापांनी एकदा बारसं केलं, ह्यांनी तीनदा. आणि चहा! कोणाच्या घरचा चहा म्हणून घ्यायचे नाहीत. पाण्याची बाटली स्वतःची. सासूबाईंनी एकदा आग्रह केला, तर म्हणाले, "मालकाच्या घरचा चहा घेतला की वहीत खोटं लिहावं लागतं." सासूबाई कपबशी घेऊन तशाच आत आल्या. "आपल्या चहात काय इख हे का?" म्हणाल्या. दिवसभर त्या भांडी आपटत होत्या.

मध्ये एका वळूची फार हवा झाली होती. कांडीवर त्याचा नंबर, पण लोक त्याला 'राजा' म्हणायचे. राजाच्या कालवडी दिसायला देखण्या, कासेला भरदार. मग काय, ज्याला त्याला राजाच पाहिजे. आमच्या शेजारच्या एका बागायतदाराने राजाचीच कालवड पुढे केली आणि म्हणाला, "गुरुजी, हिलाबी राजाच भरा." गुरुजींनी वही काढली, पान उघडलं आणि दहा माणसांसमोर त्याला धरलं. "पोरीची सोयरीक करताना मामेकुळ विचारता, देवक विचारता, भावकीत पोर देत नाही. आणि हिला बापाच्याच गळ्यात बांधता? लाज आहे का?" बागायतदार चिडला. "जनावराला कसली आलीय भावकी?" "जनावराला नसते," गुरुजी म्हणाले, "म्हणून तर ती माणसाने सांभाळायची असते." त्यांनी टाकीचं झाकण लावलं आणि निघून गेले. बागायतदाराने दुसऱ्याला फोन करून राजाच भरवला.

वासरू झालं ते मागचे दोन्ही पाय आखडलेलं. उभंच राहिलं नाही, तिसऱ्या दिवशी गेलं. गुरुजींना कुठून कळलं कोण जाणे, लगेच हजर. आम्हा बायकांना वाटलं, आता तरी दोन शब्द बरे बोलेल मेला. छे! वही उघडली, 'मागील पाय आखडलेले, बाप व आजा एकच' असं लिहिलं, बागायतदारापुढे पेन धरलं. त्या बिचाऱ्याने डोळे पुसत सही केली. मला त्या दिवशी गुरुजींची किळस आली होती. इतका कोरडा माणूस मी पाहिला नव्हता.

पण खोटं कशाला बोलू, वहीचा उपयोग होता. आमच्या बांडीला पहिल्यांदा भरवायचं होतं तेव्हा आमच्या ह्यांना मोठ्या हाडाचा वळू हवा होता, वासरू दणकट होईल म्हणून. गुरुजींनी पान काढलं. "हिची आई अडली होती. आजी पण अडली होती, तेव्हा वासरू कापून काढलं. हिला हलक्या वासरांचा वळू. दणकट तू हो." बांडी व्याली ती आम्ही भाकरी खात असताना. परत गोठ्यात येऊन पाहिलं तर वासरू उभं राहून धडपडत होतं. सासूबाई म्हणाल्या, "लागला अंदाज म्हाताऱ्याचा." अंदाज नव्हता तो, मलाही कळत होतं. पण ज्याचं पटतं त्याचा राग जास्त येतो की काय, मला ते कबूल करवेना.

मग गोदी. अस्सल गीर, कपाळ फुगीर, कान पानासारखे लांब. दोन्ही वेळचं मिळून चौदा लिटर, आणि स्वभावाने गरीब. तिच्या चार पिढ्या गुरुजींच्या वहीत होत्या. त्यांची आयुष्यात एकच हाव होती. आपल्या वहीतला एक गोऱ्हा वळूंच्या केंद्रात निवडला जावा, त्याच्या कांड्या गावोगाव जाव्यात. गोदीसाठी त्यांनी चार महिने खटपट करून एका नामी वळूच्या दोन कांड्या मिळवल्या होत्या. टाकीत त्या वेगळ्या ठेवलेल्या. मला रोज फोन. "गोदी माजावर आली का?" नवऱ्याने केले नसतील इतके फोन ह्या माणसाने मला केले.

ती माजावर आली त्या सकाळी माझा भाऊ माहेरहून आलेला होता. गुरुजी आले. "मागचा माज कधी होता?" मी आपली बोटं मोजून काहीतरी सांगितलं. त्यांनी वहीत पाहिलं, तारीख चुकली होती. आणि माझ्या भावासमोर, माझ्या सासूसमोर हा माणूस म्हणतो, "गोदीचं डोकं हिला आणि हिचं गोदीला दिलं असतं, तर नुकसान गोदीचं झालं असतं." भाऊ हसला. सख्खा भाऊ! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गुरुजींनी कांडी भरली आणि जाताना म्हणाले, "उद्या सकाळी हंबरली तर फोन कर, मी दुसरी भरीन. दुसरीकडे कुठे न्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदी हंबरत होती. मी फोन केला नाही. सासूबाई म्हणाल्या, "उलटली, गाभ नाय धरला, तर तीन आठवडे वाया जातेन. पाटापलीकडं निवृत्तीनानाचा वळू हे ना. लावून आण, डबल काम पक्कं." आमच्याकडे असं सगळेच करतात. कांडी भरवायची आणि वर गुपचूप वळूही लावून आणायचा. भरवणाऱ्याला कोणी सांगत नाही, कारण तो ओरडतो. मी दावं सोडलं आणि गोदीला घेऊन निघाले. मला सगळं नीट माहीत होतं. सासूबाईंनी सांगितलं म्हणून नेली, असं मी पुढे कितीदा तरी मनाला सांगितलं, पण ते खोटं आहे. पाट ओलांडताना मी मोठ्याने म्हणाले होते, "मरो तो आणि मरो त्याची वही." नानांचा वळूही गीरच होता, सटाण्याच्या बाजारातून आणलेला. नाना हसले. "गुरुजीला सांगू नको, नायतर मलाबी वहीत घालंल."

तीन महिन्यांनी गुरुजींनी गोदी तपासली. गाभण. वही उघडली, त्या नामी वळूचा नंबर घातला आणि पेन माझ्यापुढे केलं. "खरं आहे म्हणून सही कर." माझी सही वळणदार आहे, शाळेत अक्षराला बक्षीस मिळालेलं. मी छान, गोलगोल सही केली.

गोऱ्हा झाला. काय गोऱ्हा होता! गुरुजी आले, त्याच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, खूर पाहिले, कान ओढले आणि ओसरीवर येऊन बसले. "चहा टाक," म्हणाले. सासूबाई माझ्याकडे बघतात, मी सासूबाईंकडे. वीस वर्षांत पहिल्यांदा. चहा आणला तर एक घोट घेऊन म्हणतात, "साखर कमी आहे." पण संपवला. बशी पुसून काढल्यासारखी केली. जाताना गोऱ्ह्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि मला वाटलं, ह्या माणसाच्या डोळ्यात पाणी आहे. मला तेव्हा काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. म्हटलं, बरा फसलास.

गोऱ्हा चार महिन्यांचा झाला तेव्हा केंद्राचे साहेब आले. मोजमापं घेतली, गोदीचं दूध दोन वेळा समोर काढायला लावलं, खूश झाले. मग गोऱ्ह्याच्या शेपटीचे केस मुळासकट उपटून पाकिटात घातले. गोदीचेही घेतले. मी विचारलं, "हे कशाला?" गुरुजी त्या दिवशी भलतेच खुशीत. मला, मला बसवून समजावून सांगितलं. "केसाच्या मुळात सगळं लिहिलेलं असतं. अर्धं आईचं, अर्धं बापाचं. त्या वळूचं केंद्रात नोंदलेलं आहेच. हे अर्धं त्याच्याशी जुळलं की काम झालं. माणूस खोटं बोलतो गं, केस बोलत नाही." तेव्हाच बोलायला हवं होतं. पाकीट अजून साहेबांच्या हातात होतं. मी आत जाऊन साहेबांसाठी पोहे टाकले.

दीड महिन्याने कागद आला. आई जुळते, बाप जुळत नाही. साहेब दूध संकलनावर सगळ्यांसमोर गुरुजींना म्हणाले, "महागाची कांडी दाखवायची आणि स्वस्तातली भरायची, हे धंदे कधीपासून करता?" पंचवटीतल्या ह्या ताठ म्हाताऱ्याने वही लाल कापडात गुंडाळली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी कॅन हातात धरून डोळ्यांनी पाहिलं. बाकीच्यांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. "माझीबी गाय आटली ती ह्याच्यामुळंच." "टाकीत नुसता धूर असंल." ज्या माणसाने कोणाच्या घरचा चहा घेतला नाही, त्याला लोक चोर म्हणत होते. मीही मान डोलवली.

चार दिवसांनी ते आमच्याकडे आले. स्कूटर होती, टाकी नव्हती, ती दूध संघाने काढून घेतली होती. वही मात्र होती. ओसरीच्या पायरीवर बसले. मी पाहिलं, वहीतल्या प्रत्येक पानावर बापाच्या रकान्यात पेन्सिलने प्रश्नचिन्ह घातलेलं होतं. वीस वर्षांची पानं. मला म्हणाले, "गोदीवाली, त्या दिवशी गोदी कुठे नेली होतीस का?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी बहुतेक सांगून टाकलं असतं. सासूबाई लसूण सोलत होत्या, त्यांनी मान खाली घातली. मी म्हणाले, "नाय." "नक्की?" "नाय म्हटलं ना." त्यांनी मान हलवली. गोदीच्या पानावर 'चूक माझी असावी' असं लिहिलं. या वेळी सही मागितली नाही. उठताना गुडघ्यावर हात ठेवून दोनदा प्रयत्न करावा लागला त्यांना. परत ते मळ्यात आले नाहीत.

दोन वर्षं मी मूग गिळून बसले. गोऱ्हा बैल म्हणून विकला. नवा भरवणारा येतो, मोबाइलवर बिल्ल्याचा फोटो काढतो, दोन मिनिटांत काम करतो आणि गोड बोलतो. ताई म्हणतो मला. त्याला काही विचारलं की म्हणतो, "ॲपमध्ये असेल बघा." मी हळूहळू त्याचा तिरस्कार करायला लागले. त्याने काय घोडं मारलं होतं माझं? काही नाही. त्याने मला कधी गाईचा बाप विचारला नाही, एवढंच.

मग मुलीला बघायला पाहुणे आले. मुलाकडच्या एका म्हाताऱ्याने विचारायला सुरुवात केली. मामेकुळ कोणतं? आजोळ कुठलं? आजीचं माहेर? देवक काय? मी सगळं सांगत गेले. चार पिढ्या, दोन्हीकडच्या, एक नाव चुकलं नाही. म्हातारा खूश झाला. "ताईचं सगळं चोख हे," म्हणाला. समोर कांदेपोह्यांच्या बशा, पोर पदर सावरत बसलेली, आणि माझ्या डोळ्यापुढे ती पेन्सिलची प्रश्नचिन्हं. चोख म्हणे! पाहुणे गेल्यावर सासूबाईंना म्हटलं, उद्या मी पंचवटीला चालले. त्यांना कळलं. "कशाला उकरून काढती? झालं गेलं," म्हणाल्या. मी पहिल्यांदा त्यांना उलट बोलले. "तुम्ही लसूण सोला," म्हटलं.

गुरुजी बोळातल्या घरात खाटेवर पडले होते. पायांना सूज. उशाशी लाल वही. खाली भाजीवाल्यांचा कालवा चाललेला आणि खिडकी सताड उघडी. मला पाहून म्हणाले, "गोदी कशी आहे?" मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. पाट, नाना, वळू, सही, ते 'नाय'. सांगताना रडले, नाक वाहायला लागलं, पदराने पुसलं. वाटलं आता शिव्या घालतील, हाकलून देतील. द्यायलाच हव्या होत्या. माझ्या तोंडावर थुंकले असते तरी चाललं असतं. त्यांनी हात लांब करून वही घेतली, गोदीचं पान काढलं, पेनाचं टोपण उघडलं आणि मला विचारलं, "त्या वळूचा बाप कोण?"

मी म्हटलं, "कोणाला माहीत! नानांनी सटाण्याच्या बाजारातून आणला तो."

"बाजारात आणला म्हणून बाप नसतो?" त्याच नाकातल्या आवाजात. "इतक्या लांबून आलीस आणि अर्धंच घेऊन आलीस. गोदीचं डोकं तुला द्यायलाच हवं होतं."

मी म्हटलं, आधी संघात जाऊन सगळ्यांसमोर सांगते. म्हणाले, "सांग, नको सांगू. लोक उद्या दुसरं बोलतील. माझं पान नीट कर." संघात मी दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितलं, दूध घालायच्या वेळी, मुद्दाम सगळे असताना. कोणी माझ्या तोंडाकडे बघेना. जे सगळ्यात जास्त बोलले होते ते कॅन घेऊन आधी निघाले. नाना तेवढे म्हणाले, "आपुन बी दोषी हे." त्यांनीच मला सटाण्याच्या त्या माणसाचा पत्ता दिला.

आणि मग मी काय केलं? कांदा काढायला आला होता. म्हटलं, आधी कांदा निघू दे, सटाणा कुठे पळून जातंय. तीन आठवडे गेले. मग एका सकाळी एसटीने गेले. शोधत शोधत त्या शेतकऱ्याच्या दारात पोचले. त्याला वाटलं, वळू आजारी पडला म्हणून भांडायला आले. मी बाप विचारला तर हसायलाच लागला. "माय, आजलोंग कोणीच इचारं नही," म्हणाला. पण सांगितलं. "त्याना बाप मन्हा काकाना वळू. आनि माय आठेच शे, देखी ले." गाय दाखवली. मी तिचे खूर पाहिले, कास पाहिली, आजीचंही विचारलं, तिची वेतं विचारली, अडली होती का विचारलं. कागदावर सगळं लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली. परतताना एसटीत कागद ब्लाउजमध्ये ठेवला होता, चारदा काढून पाहिला. लग्नानंतर इतकी आनंदात मी कधी नव्हते, हे सांगायला लाज वाटते.

द्वारका चौकात उतरून तशीच रिक्षाने पंचवटीला गेले. दारात चपला खूप होत्या. गुरुजी जाऊन पाच दिवस झाले होते.

त्यांच्या सूनबाईंनी मला ओळखलं. "गोदीवाल्या ना तुम्ही?" त्यांनी आत नेलं, खाटेच्या जागी सतरंजी होती, तिथे बसवलं आणि लाल वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "तुम्ही येऊन गेलात त्या दिवसापासून खोडरबर घेऊन बसायचे. रोज थोडी थोडी पानं. काय खोडतायत आम्हाला कळेना." मी पानं उलटली. प्रश्नचिन्हं पुसलेली होती. कागदावर घासल्याचे नुसते डाग. हरणीचं पान स्वच्छ, बांडीचं स्वच्छ. शेवटची काही पानं तेवढी राहिली होती, तिथवर हात पोचला नव्हता. गोदीचं पान काढलं. 'चूक माझी असावी' वर एक सरळ रेघ मारलेली. खाली नानांच्या वळूची नोंद, थरथरत्या अक्षरात. त्याच्यापुढे 'बाप' असं लिहून जागा मोकळी सोडलेली आणि कडेला तीन शब्द लिहिलेले होते: 'गोदीवाली सांगेल. थांबणे.'

ज्या बाईने दोनदा तोंडावर खोटं सांगितलं, वहीवर खोटी सही केली, तिच्या भरवशावर ह्या माणसाने ओळ मोकळी ठेवली होती. आणि मी कांदा काढत होते. मला तिथे मोठ्याने रडू आलं, घर दुःखात आहे याचंही भान राहिलं नाही. सूनबाईंनी पाठीवरून हात फिरवला. "बसा, चहा टाकते तुम्हाला," म्हणाल्या.

मी डोळे पुसले, ब्लाउजमधला कागद काढला आणि त्यांच्याकडे पेन मागितलं.

"आधी लिहिते," म्हटलं. "मग घेते."